अल्सरची गोळी: कधी, किती दिवस आणि कशासोबत

प्रश्न: मी हर्णैला बोटीवर काम करतो. रात्री दोन-अडीचला पोटात आग पडून जाग येते, दोन बिस्किटं खाल्ली की थांबते. दुर्बिणीच्या तपासणीत ड्युओडेनमचा अल्सर निघाला. पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीने आठ दिवसांतच बरं वाटलं. आता बंद करू का?

नको. दुखणं आठवड्यात थांबतं, पण अल्सर म्हणजे आतली जखम, ती भरायला साधारण चार आठवडे लागतात. ड्युओडेनम म्हणजे जठराला लागूनचा लहान आतड्याचा पहिला भाग. पोट रिकामं असलं की जठरातलं आम्ल तिथल्या जखमेला झोंबतं, म्हणून तुम्हाला मध्यरात्री जाग येते.

गोळी कधी घेता? पुष्कळ जण चहा-नाश्ता उरकून घेतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. जठरात आम्ल सोडणारे पंप खाण्याने कामाला लागतात, आणि ही गोळी चालू पंपच बंद करते. त्यामुळे ती खाण्याच्या अर्धा तास आधी पोटात हवी. अख्खी गिळा, चावू नका. पहाटे बोटीवर जायचं असेल तर उठल्या उठल्या, चहाच्याही आधी.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही: हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली का? दुर्बिणीचा रिपोर्ट काढून बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. पूर्वी अल्सरचं खापर काळजीवर आणि तिखटावर फुटायचं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्शल आणि वॉरन यांनी या जंतूचा संबंध दाखवला, त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. जंतू पोटात राहिला, तर गोळीने भरलेली जखम पुन्हा उघडते. म्हणून जंतू निघाला तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत अँटिबायोटिक्स घ्यावी लागतात, बहुधा १४ दिवस. तोंड कडू होतं, कधी जुलाब लागतात, तरी कोर्स मधेच सोडू नका. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करा. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आणि विडी सोडा. विडी ओढणाऱ्याचा अल्सर उशिरा भरतो.

प्रश्न: राजापूरहून लिहिते. भातलावणीनंतर आईचे गुडघे धरतात, म्हणून ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणते. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय, चक्करही येते. ॲसिडिटीची गोळी वाढवू का?

ताई, पत्र मिळताच तुम्हाला कळवलं, इथे इतरांसाठी लिहितो. काळं, चिकट, घाण वासाचं शौच म्हणजे आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता. सोबत चक्कर असेल तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं, सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण घरी बसून तो तर्क लढवू नये. दुर्बिणीतून रक्त थांबवता येतं.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामक औषधं जठर-आतड्याचं संरक्षक अस्तर कमकुवत करतात. सुईने घेतली तरी, कारण परिणाम रक्तातून होतो. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. आई हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असतील तर तेही आवर्जून सांगा.

प्रश्न: देवगडला राहतो. अल्सर झाल्यापासून घरच्यांनी माशाची आमटी, सोलकढी बंद करून रात्री दूध सुरू केलंय. योग्य आहे का?

तिखटाने अल्सर होत नाही. जे खाऊन तुम्हाला जळजळते तेवढं टाळा, बाकी जेवा. दुधाने घटकाभर बरं वाटतं, नंतर आम्ल उलट वाढतं.

प्रश्न: अल्सर बरा झाला तरी तीन वर्षं गोळी घेतोय. मुंबईचा मुलगा म्हणतो, हाडं ठिसूळ होतील.

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाड मोडण्याचा धोकाही थोडा वाढलेला दिसतो. जंतू गेला असेल आणि वेदनाशामक बंद असेल, तर बहुतेकांना ती इतकी वर्षं लागत नाही. मात्र एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळतं आणि अल्सर परतला असं वाटतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. पूर्वी रक्तस्राव झालाय आणि ॲस्पिरिन चालूच ठेवावं लागतं, अशांनी मात्र ही गोळी स्वतःहून बंद करू नये.