दोन नकाशांतला इनर मंगोलिया

प्रश्न: आजोबांचा १९७५ चा ॲटलास सापडला. त्यात चीनमधला इनर मंगोलिया एवढासा दिसतो, आणि मुलीच्या पुस्तकात तोच केवढा लांबलचक! जुना नकाशा चुकलाय का? आणि प्रदेश स्वायत्त आहे म्हणता, मग सीमा कोण बदलतं?

उत्तर: नाही हो, दोन्ही बरोबर आहेत! हा प्रदेश १ मे १९४७ ला बनला, म्हणजे कम्युनिस्ट चीनच्याही आधी, प्रमुख होते उलानहू, स्वतः मंगोल आणि पक्के कम्युनिस्ट पार्टीवाले. नंतर तो फुगतच गेला, १९५४ ला अख्खा सुइयुआन प्रांत जोडला, तिथलं ग्वेसुई शहर होहोत नावाने राजधानी झालं, मग रेहे प्रांताचा तुकडा, मग गान्सूकडचं अलाशानचं वाळवंट. पण सुइयुआनमध्ये बहुतेक वस्ती हान लोकांची (चीनमधला बहुसंख्य समाज), त्यामुळे जमीन वाढली तरी मंगोल आपल्याच प्रदेशात आणखी अल्पसंख्य झाले, ही गोम कोणी फारशी सांगत नाही.

माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे पार्टीतल्या आणि बाहेरच्या ‘शत्रूं’विरुद्धच्या मोहिमेत, १९६६ ला उलानहूंना हटवलं आणि पुढे एका छुप्या मंगोल पार्टीचे मेंबर शोधायच्या नावाखाली जो छळ झाला त्यात सरकारी आकड्यानुसारच ३ लाख ४६ हजार लोक भरडले गेले, १६,२२२ मेले (बाहेरचे अभ्यासक याहून जास्त सांगतात). त्यात मार्च १९६९ ला सीमेवरच्या उसुरी नदीवर सोव्हिएत रशियाशी गोळीबार झाला. मंगोलांवर भरवसा नाही, सीमा तर लष्कराच्या हाती हवी, म्हणून त्याच वर्षी पूर्वेकडचा भाग शेजारच्या हेलुंगच्यांग, जिलिन, ल्याओनिंगला वाटला, पश्चिमेकडचा गान्सू आणि निंगशियाला. निम्म्याहून जास्त जमीन गेली! १९७९ ला सगळं परत जोडलं. तुमचा ॲटलास मधल्या त्या दहा वर्षांतला.

आता सीमा कोण बदलतं, तर बीजिंग. स्वायत्त प्रदेशांसाठीच्या १९८४ च्या कायद्यात लिहिलंय की बदल करायचा तर आधी स्थानिक सरकारशी सल्लामसलत, मग केंद्राची मंजुरी. इनर मंगोलियाच्या सरकारचा अध्यक्ष मंगोलच हवा हेही त्याच कायद्यात आहे, तिथल्या कम्युनिस्ट पार्टीच्या सेक्रेटरीला मात्र तशी अट नाही, आणि खरी सूत्रं तर त्याच्याच हातात!