२४ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर लोडवर डळमळतो, काय तपासू?

अंबड एमआयडीसीतल्या तुमच्या पॅनेलमध्ये एलएम२५९६ (बक कन्व्हर्टरची आयसी) आहे आणि रिले ओढला की ५ चे ४.३ होतात. आधी लोड चालू ठेवून आयसीच्या इनपुट पिनवरच मीटर लावा. तिथेही व्होल्टेज पडत असेल तर दोष वायरिंगचा किंवा सप्लायचा.

इनपुट ठाम असेल तर आउटपुटचा २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बघा. जुना झाला की ईएसआर, म्हणजे त्याचा आतला रोध, वाढतो. बदलताना लो-ईएसआर इलेक्ट्रोलायटिकच घ्या. नुसते सिरॅमिक लावू नका, या आयसीच्या फीडबॅक लूपला (आउटपुट बघून व्होल्टेज सावरणारे सर्किट) थोडा ईएसआर लागतोच, नाहीतर तो झुलतो.

मग आउटपुट व्होल्टेज ठरवणाऱ्या प्रीसेटला (फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर) प्लॅस्टिकच्या काडीने टिचकी मारा. आकडा उडाला? काढून टाका. फिक्स रेझिस्टर लावा: फीडबॅक पिन ते ग्राउंड १ किलोओहम, आउटपुट ते फीडबॅक ३ किलोओहम, आयसीचे रेफरन्स व्होल्टेज १.२३ × (१ + ३/१) = १.२३ × ४ = ४.९२ व्होल्ट. फीडबॅकची वायर कॉइलजवळून नेऊ नका.