वणवा जवळ आला तर जनावरं गोठ्यात बांधून ठेवायची की सोडायची?

बांधून अजिबात ठेवू नका. वेळ असेल तर आधीच लांब न्या, नसेल तर दावी सोडून नांगरलेल्या किंवा पार चरून झालेल्या रानात हाकला आणि गोठ्याचं दार मागून बंद करा, कारण घाबरलेलं जनावर परत आतच पळतं. नायलॉनची म्होरकी काढूनच टाका, वितळून कातडीला चिकटते. आणि आग लांब दिसतेय म्हणून थांबू नका, वारा असला की ठिणग्या खूप पुढे उडतात, वाळक्या चाऱ्याच्या गंजीत एक पडली तरी पेटायला बास, म्हणून गंजी गोठ्याला लागून नकोच. चढावर तर आग अजून जोरात पळते. रस्ता आगीने अडला असेल तर जनावरांसाठी परत आत जाऊ नका, प्लीज.