कायद्यातली लॅटिन वचनं लक्षात कशी ठेवावीत?

तुम्ही लिहिलंय की एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहात, लॅटिन वचनं आणि त्यांचे इंग्रजी अर्थ यांची भली मोठी यादी पाठ करताय, पण प्रश्नपत्रिकेत प्रसंग दिला की कुठलं वचन लावायचं ते सुचत नाही. मी वकिली करते. माझं प्रामाणिक मत असं की यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक वचन एकेका खटल्याबरोबर शिका.

प्रायमा फेसी (प्रथमदर्शनी), इंटर अलिया (इतर गोष्टींबरोबर), सुमोटो (स्वतःहून) हे रोजच्या कामकाजातले शब्द. ते कानावर पडून आपोआप तोंडात बसतील, त्यांच्यावर वेळ घालवू नका. मॅक्झिमचं, म्हणजे कायद्याचं तत्त्व सांगणाऱ्या वचनाचं, तसं नाही.

'ऑडी आल्टेरम पार्टेम' घ्या. गाइडमध्ये अर्थ एका ओळीचा असतो: दुसरी बाजूही ऐका. आता ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका हा १९८५ चा निकाल वाचा. १९८१ च्या पावसाळ्यात सरकारने मुंबईच्या फुटपाथांवरच्या झोपड्या पाडून तिथल्या माणसांना मूळ गावी धाडायचं ठरवलं. महापालिका कायद्याच्या कलम ३१४ नुसार आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण काढू शकतात. पालिकेचं म्हणणं होतं की फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाच नाही, मग ऐकून घेऊन निष्पन्न काय होणार? सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे मानलं नाही. कलम नोटिशीशिवाय कारवाईची मुभा देतं, नोटीस देऊच नका असं सांगत नाही, आणि ती मुभाही अपवाद म्हणूनच वापरायची. ज्याचं छप्पर जाणार आहे त्याला बोलू देणं, निकाल काहीही लागो, त्याच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेसाठी गरजेचं आहे.

आणि तरीही ती माणसं हटवायला कोर्टाने परवानगी दिली! त्यांची बाजू खुद्द सर्वोच्च न्यायालयात ऐकून झाली होती, असं त्याचं कारण. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका, इतकं सांगितलं. हा निकाल वाचताना मला दर वेळी त्रास होतो. पण या वचनाने काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल. ऐकून घेण्याचा हक्क म्हणजे जिंकण्याचा हक्क नव्हे.

याची मुळं फार जुनी आहेत. पहिल्या शतकातल्या सेनेका या रोमन लेखकाच्या 'मेडिआ' नाटकात एक वाक्य आहे: दुसरी बाजू न ऐकता ज्याने निवाडा केला तो, निवाडा बरोबर असला तरी, न्यायी ठरत नाही. पुढे केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या मोठ्या भाषापंडिताच्या पदव्या त्याचं म्हणणं न ऐकताच काढून घेतल्या. १७२३ साली इंग्लंडच्या कोर्टाने त्या परत द्यायला लावल्या. तेव्हा न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू म्हणाले की देवानेसुद्धा आदमला बागेतून हाकलण्याआधी विचारलं होतं, तू कुठे आहेस, ते फळ तू खाल्लंस का? पदव्या परत द्या हा आदेश ज्या रिटने (कोर्टाच्या लेखी हुकुमाने) निघाला ते मँडॅमस, म्हणजे सार्वजनिक संस्थेला तिचं कर्तव्य करायला लावणारा आदेश. म्हणजे एका खटल्यात तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी झाल्या. हेच मँडॅमस आपल्या संविधानाच्या कलम ३२ आणि २२६ मध्ये नावानिशी आहे.

'इग्नोरन्शिया जुरिस नॉन एक्स्क्युझाट', कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, यासाठी महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज वाचा. झुरिकहून मनिलाला निघालेलं विमान २८ नोव्हेंबर १९६२ ला सांताक्रूझला उतरलं. त्यातल्या या जर्मन प्रवाशाच्या जाकिटात ३४ किलो सोनं सापडलं. असं सोनं विमानाच्या कागदपत्रांत दाखवलं पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची अधिसूचना राजपत्रात आली होती २४ नोव्हेंबरला, म्हणजे चारच दिवस आधी. तो मुंबईत उतरणारही नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने दोषी धरलं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचा विरोधी निकाल जरूर वाचा. त्यात 'मेन्स रिया', म्हणजे गुन्ह्यामागची दोषी मनोवृत्ती, जितकी समजते तितकी कुठल्याही व्याख्येने समजणार नाही. मला स्वतःला सुब्बाराव पटतात.

त्यानंतर 'नेमो जुडेक्स इन कॉझा सुआ', आपल्याच प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, यासाठी ए. के. क्रैपाक हा १९६९ चा खटला. भारतीय वनसेवेच्या निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःचं नाव आलं तेव्हा तो बाहेर गेला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा आतच बसून राहिला आणि यादीत पहिला आला. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली.