तीन तासांचा खेळ, पाऊण तासाची तयारी

प्रश्न : दर रविवारी आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एकेक पात्र घेऊन गोष्ट रचत जायचा फाशांचा खेळ खेळतो, २०१४ च्या नियमांनी. डीएम मी, म्हणजे गोष्ट आणि बाकीची सगळी पात्रं माझ्या हाती. तीन तासांच्या सेशनसाठी माझे सहा-सात तास जातात आणि त्यातलं निम्मं टेबलावर येतच नाही. काय कमी करू?

उत्तर : आधी कथानक लिहिणं थांबवा. 'खेळाडू हे करतील, मग ते होईल' अशी साखळी लिहिली की पहिल्याच वळणाला ते भलतीकडे जातात आणि पुढची पानं फुकट. सेशन संपताना, फासे आवरायच्या आत, त्यांना सरळ विचारा : पुढच्या वेळी कुठे जाणार? तयारी तेवढ्याचीच करायची.

मग एकच पान. सुरुवातीचा प्रसंग दोन ओळींत, तीन जागा, दहा नावं आणि सात-आठ धागे, म्हणजे खेळाडूंच्या हाती लागायची गुपितं. नाव वापरलं की त्यापुढे लगेच 'लोहार', 'पहारेकरी' असं लिहा. नाहीतर पुढच्या रविवारी लोहाराचं नाव खेळाडूंना आठवतं, तुम्हाला नाही.

खरी मेख धाग्यांत आहे. 'चोरीचा माल जुन्या गिरणीत आहे' एवढंच लिहा, कोण सांगणार ते लिहू नका. गॉब्लिन (छोटा, दुबळा राक्षस) पकडला, तर त्याच्या बाह्यांना पीठ लागलेलं दिसेल. खाणावळीत गेले, तर मालकीण सांगेल की बंद गिरणीत रात्री दिवा दिसतो. धागा एकाच्याच तोंडी ठेवलात आणि खेळाडूंनी नेमकं त्यालाच मारलं, की गाडी अडली.

प्रश्न : नव्या राक्षसांचे आकडे बनवण्यातच माझी संध्याकाळ जाते. उपाय?

उत्तर : बनवूच नका. छापील आकडे घ्या, रूप बदला. ओगर या धिप्पाड राक्षसाचा आर्मर क्लास (त्याला फटका लागायला लागणारी फाशाची किमान बेरीज) ११, हिट पॉइंट (किती नुकसान सोसेल) ५९, गदेचा हल्ला +६ (फाशाच्या आकड्यात मिळवायचे), सरासरी नुकसान १३. त्यालाच देवळाच्या दाराशी उभा दगडी द्वारपाल म्हणा आणि विषाचा परिणाम होत नाही एवढी एक ओळ जोडा. नुकसानासाठी फासे न टाकता छापील सरासरी धरा. नियमांत तशी मुभा आहे आणि लढाईही लवकर उरकते.

फक्त खेळाडूंच्या पात्रांची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, बघा. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे हिट पॉइंट असतात सहा ते नऊच्या आसपास, म्हणजे द्वारपालाच्या एका फटक्यात तो आडवा. तिथे गॉब्लिनचे आकडे घ्या : आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७, हल्ला +४, नुकसान ५. दोन्ही राक्षसांचे आकडे 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१' या प्रकाशकांच्याच नियमपुस्तिकेत फुकट मिळतात.