जीसीसीची भीती सोड, लायब्रऱ्या तपास

अरे, तू विचारलंस ना, जीसीसी हा कंपाइलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) जीपीएलचा, मग आपला कोडही जीपीएल होतो का? जीपीएल म्हणजे प्रोग्राम दुसऱ्याला दिला तर सोर्स कोडही द्यायला लावणारं लायसन्स. पण जीसीसीने कंपाइल केलंस म्हणून तुझा कोड जीपीएल होत नाही. कंपाइलरसोबत रनटाइमचे (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या तयार कोडचे) जे तुकडे तुझ्या प्रोग्राममध्ये येतात, त्यांना वेगळी सवलत दिलेली आहे. खरी मेख लायब्रऱ्यांत, म्हणजे आपण जोडतो त्या दुसऱ्यांच्या तयार कोडमध्ये असते.

इंदूरला विजयनगरच्या छोट्या ऑफिसात होतो तेव्हा बिलिंगच्या प्रोग्रामला मी रीडलाइन नावाची लायब्ररी जोडली. वरचा बाण दाबला की जुनी कमांड परत येते ना, तेवढ्याच हौसेपायी. तिचं लायसन्स एलजीपीएल (जीपीएलचा सैल प्रकार) नाही, पूर्ण जीपीएल! म्हणजे गिऱ्हाइकाला बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) द्यायची तर सोर्सही त्याच अटींवर द्यायचा. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री हे कळलं. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला निघालो होतो, तो राहिला. शेवटी तेच काम करणारी लिबएडिट लावली; तिचं बीएसडी लायसन्स सोर्स द्यायची सक्ती करत नाही. ऑफिसपुरतं वापरायचं असतं तर काहीच अडचण नव्हती. अट दुसऱ्याला देताना लागते.

व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं कोड लिहायचं फुकट साधन, तू एकटा आहेस तोवर खुशाल वापर. डॉकर डेस्कटॉपचं (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवायचं साधन) मात्र २०२१ पासून वेगळं गणित आहे: कंपनीला फुकट वापरायचं तर तिथे २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत, दोन्ही हवं. आपल्याला काय त्याचं, पण मोठ्या क्लायंटच्या मशीनवर टाकण्याआधी त्याला विचार.