फायब्रोमायल्जिया: रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतंय

काल खांदा, आज मांडी, मधेच जबडा, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग हे मनाचेच खेळ का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. फायब्रोमायल्जिया या आजारात बिघाड दुखणाऱ्या जागी नसतोच. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश नको तेवढे मोठे करून घेतात, म्हणून एक्स-रेत काही सापडत नाही. रक्त तपासतात ते थायरॉइड, संधिवात अशी दुसरी कारणं वगळायला.

1990च्या निकषांत 18 ठरावीक जागा दाबून किमान 11 ठिकाणी दुखतंय का बघायचे. 2010पासून त्याची गरज उरली नाही. दुखणं अंगात कुठेकुठे आहे, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, थकवा आणि विसराळूपणा किती, हे सगळं किमान 3 महिने चाललंय का, हे विचारतात. त्यामुळे कुणी चार जागा दाबून ‘काही नाही’ म्हणून वाटेला लावलं असेल, तर सरळ संधिवाततज्ज्ञ गाठा.

मला दुखण्याहून जास्त छळतो तो स्पर्श. वाईट दिवसांत पर्सचा पट्टा खांद्यावर नुसता टेकला तरी कळ येते, कॉलरमागचं लेबल कापून टाकावं लागतं. आणि डोक्यातलं धुकं! बोलता बोलता ‘चाळणी’सारखा रोजचा शब्द गायब होतो.

खरा घात मात्र बऱ्या दिवशी होतो. जरा हलकं वाटलं की आपण साठलेली सगळी कामं उपसतो आणि पुढचे दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशीही गजर लावून काम अर्ध्यावर सोडायचं. जिवावर येतं, पण सोडायचं. चालण्याचंही तसंच. पाच मिनिटांपासून सुरुवात करा, सावकाश वाढवा. 2017च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ठाम शिफारस फक्त व्यायामाचीच आहे.

प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन या औषधांनी काहींना उतार पडतो, सगळ्यांना नाही. ड्युलॉक्सेटिन नैराश्यावरही देतात, म्हणून चिठ्ठी बघून ‘मला वेडी ठरवलं’ असं वाटून घेऊ नका; ते वेदनेच्या वाटांवरही काम करतं.

हो, आणि प्रत्येक नवं लक्षण याच खात्यावर टाकू नका. सांध्याला सूज, ताप, वजन घटणं, एकाच हातापायातली ताकद जाणं, ही फायब्रोची लक्षणं नव्हेत. त्यांसाठी लगेच वेगळं दाखवा.